गूगलची १५ जीबी भरली : फोटो न गमावता जागा कशी मोकळी करावी

‘स्टोरेज फुल’ असा निरोप आला की बहुतेक जण गॅलरी उघडून भराभर फोटो पुसायला लागतात. घात इथंच होतो. मोबाइलची जागा वेगळी आणि गूगलच्या खात्याची जागा वेगळी. निरोपात ‘फोन’ किंवा ‘डिव्हाइस’ असेल तर मोबाइल भरलाय. ‘अकाउंट स्टोरेज’ किंवा ‘बॅकअप थांबला’ असं असेल तर गूगलची १५ जीबी संपलीय. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर लेकराच्या बारशाचे फोटो दोन्हीकडून जाऊ शकतात.

या १५ जीबीत गूगल फोटोज, जीमेल आणि ड्राइव्ह अशा तिघांचा वाटा असतो. १ जून २०२१ च्या आधी ‘हाय क्वालिटी’ प्रकारात (फोटो थोडा लहान करून ठेवणं, आता याचंच नाव ‘स्टोरेज सेव्हर’) चढवलेले फोटो हिशेबात धरले जात नाहीत, त्यानंतरचे सगळे धरले जातात. म्हणून २०१८ च्या लग्नाचे फोटो पुसून कदाचित काहीच जागा मिळणार नाही, फोटो मात्र जातील.

जागा संपली म्हणून असलेले फोटो लगेच उडत नाहीत. नवे चढायचे थांबतात, आणि जीमेलवरची पत्रं येणं-जाणंही थांबतं. नोकरीच्या अर्जाचं उत्तर किंवा कॉलेजच्या प्रवेशाचा मेल अशा वेळी पोहोचतच नाही, म्हणून हे काम लांबवू नका. मर्यादेच्या वर सलग दोन वर्षं राहिलं तर मात्र गूगल त्या खात्यातला मजकूर काढून टाकू शकतं.

आधी खातं ताब्यात घ्या

मोबाइल घेताना दुकानातच कोणीतरी खातं काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसतो, असं गावोगाव दिसतं. मोबाइल चालू आहे तोवर हे खपतं. तो विहिरीत पडला की आतले सगळे फोटो कुलुपात राहतात आणि किल्ली कोणाकडेच नसते.

प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवा. तिथं दिसतो तो तुमचा पत्ता, तो वहीत लिहून ठेवा. दोन पत्ते दिसले तर फोटो कोणत्या खात्यात चढतात ते फोटोज ॲपमधल्या याच गोलावर कळतं. मग सेटिंग्ज, गूगल, ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’, ‘सिक्युरिटी’ असं जाऊन पासवर्ड बदला. जुना विचारला तर ‘फर्गॉट पासवर्ड’ दाबा. मोबाइलमध्ये खातं उघडं असल्यामुळे बहुधा स्क्रीनचं कुलूप उघडूनच ओळख पटते. त्याच पानावर ‘रिकव्हरी फोन’ला घरातला, रिचार्ज चालू असलेला नंबर द्या.

जागा खाल्ली कोणी?

फोटोज ॲपमध्ये गोलावर बोट ठेवून ‘अकाउंट स्टोरेज’ उघडा. फोटो, मेल आणि ड्राइव्ह किती जागा घेतात ते वेगवेगळं दिसतं. इथं पाच मिनिटं द्या, पुढचा अर्धा त्रास वाचतो.

साध्या मोबाइलचा एक फोटो २ ते ५ एमबीचा असतो. १०८० पी मधला एका मिनिटाचा व्हिडिओ १०० ते १५० एमबी घेतो, ४के मधला साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे हळदीच्या नाचाचा दहा मिनिटांचा एक ४के व्हिडिओ हजारभर फोटोंइतकी जागा खातो. फोटो एकेक करून निवडत बसणं म्हणूनच वाया जाणारी मेहनत आहे. आधी व्हिडिओ बघा.

दुसरा मोठा वाटेकरी व्हॉट्सॲप. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप आता याच १५ जीबीत मोजला जातो. ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ या फोल्डरचा बॅकअप फोटोज ॲपमध्ये चालू असेल तर ग्रुपवर आलेला एकच सुप्रभातचा फोटो दोनदा मोजला जातो, एकदा फोटोजमध्ये आणि एकदा व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये. तुम्ही स्वतः काढून पाठवलेला फोटो तर कॅमेऱ्याच्या फोल्डरमधूनही चढतो.

पुसण्याआधी प्रत

मोबाइलमध्ये असलेल्या फोटोंसाठी सगळ्यात सोपा मार्ग ओटीजी पेनड्राइव्हचा. एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला साधं यूएसबी असलेला ६४ किंवा १२८ जीबीचा घ्या. आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन ‘१ टीबी’चा पेनड्राइव्ह तीनचारशे रुपयांत मिळत असेल तर घेऊ नका. आत खरी जागा थोडीच असते, आकडा खोटा दाखवलेला असतो. खरी जागा संपली तरी कॉपी चालूच दिसते आणि पुढच्या फायली खराब निघतात. शंका असेल तर संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन चालवून खरी जागा तपासता येते.

पेनड्राइव्ह लावल्यावर काहीच दिसलं नाही तर तो खराब आहे असं लगेच समजू नका. ओप्पो, विवो, रिअलमीच्या बऱ्याच मोबाइलांत सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी’ शोधून ते चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं.

१. फाइल मॅनेजर उघडा, ‘इंटरनल स्टोरेज’, ‘डीसीआयएम’, ‘कॅमेरा’ असं आत जा.
२. पेनड्राइव्हवर वर्ष आणि महिन्याचं फोल्डर करा : ‘२०२४-०९ पोळा’, ‘२०२५-०२ लग्न’. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात.
३. एका वेळी चारपाचशे फोटो निवडून ‘कॉपी’ करा. ‘मूव्ह’ किंवा ‘कट’ अजिबात नको. मध्येच पेनड्राइव्ह हलला तर फायली अर्धवट राहतात.
४. दोन्हीकडच्या फायलींची संख्या जुळवा. प्रत्येक फोल्डरमधला पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडा, व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून बघा. छोटं चित्र दिसलं म्हणजे फाइल शाबूत आहे असं नाही.
५. ‘इजेक्ट’ करूनच पेनड्राइव्ह काढा.

शूटिंगवाल्याने दिलेली मोठी फाइल ‘जागा असूनही’ कॉपी होत नसेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो, आणि फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, म्हणून हे रिकामा असतानाच करा.

काही फोटो फक्त गूगलवर असतात : जुन्या मोबाइलमधले, किंवा पूर्वी ‘फ्री अप स्पेस’ करून मोबाइलमधून काढलेले. फोटो उघडून वर सरकवला की तो मोबाइलमध्ये आहे की फक्त बॅकअपमध्ये, ते कळतं. असे फोटो हजारोंनी असतील तर संगणकावर ‘गूगल टेकआउट’ (गूगलवरचं आपलं सगळं एकगठ्ठा उतरवून घ्यायची सोय) वापरा. आधी ‘डिसिलेक्ट ऑल’ करा, मग फक्त गूगल फोटोजवर खूण करा. आत वर्षवार यादी येते, तीतून एका वेळी एकच वर्ष निवडा. झिपचा (फोटो एकत्र बांधून दिलेल्या फाइलीचा) आकार २ जीबी ठेवा. पन्नास जीबीची एकच फाइल निवडली आणि मध्ये लाइन गेली किंवा टॉवर बसला तर सगळं पहिल्यापासून. डाउनलोड ड्राइव्हमध्ये ठेवण्याचा पर्याय घेऊ नका, ती जागा आधीच भरलेली आहे. ‘लिंक मेलने पाठवा’ हा घ्या. पण जीमेलही भरलं असेल तर तो मेल पोहोचणार नाही, म्हणून टेकआउटच्याच पानावर पुन्हा जाऊन ‘मॅनेज एक्स्पोर्ट्स’मध्ये बघा. लिंक सात दिवसच चालते. फोटोंसोबत आलेल्या जेसन फायली फेकू नका, काढल्याची तारीख आणि इतर माहिती त्यांत असते.

दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर १५ जीबी उतरवायला पूर्ण दहा दिवस लागतात. सेवा केंद्रातलं किंवा ओळखीच्या घरचं ब्रॉडबँड मिळालं तर ते वापरा, पण दुसऱ्याच्या संगणकावर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीतच खातं उघडा. ‘सेव्ह पासवर्ड’ला नाही म्हणा आणि काम झाल्यावर साइन आउट करा. डाउनलोड झालेल्या झिप पेनड्राइव्हवर घेऊन त्या संगणकावरून आणि त्याच्या रिसायकल बिनमधूनही काढा. घरी आल्यावर गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ पानावरच्या ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये तो संगणक अजून दिसत असेल तर तिथून बाहेर काढा.

पुसायचं कसं

दोन बटणांतला फरक घरातल्या प्रत्येकाला सांगा. ‘फ्री अप स्पेस’ फक्त मोबाइलमधली प्रत काढतं, गूगलवरची ठेवतं. त्याने मोबाइल मोकळा होतो, १५ जीबी नाही. फोटोज ॲपमधलं साधं ‘डिलीट’ गूगलवरून आणि जोडलेल्या मोबाइलांतून, सगळीकडूनच काढतं. ‘मोबाइलमध्ये आहेच, गूगलवरचा काढू’ असं समजून डिलीट केलेला फोटो मोबाइलमधूनही जातो. त्याची पेनड्राइव्हवरची प्रत आधी तपासलेली हवी, ती याचसाठी.

‘मॅनेज स्टोरेज’मध्ये गूगल स्वतःच याद्या लावून देतं. ‘लार्ज फोटोज अँड व्हिडिओज’ सगळ्यात आधी घ्या, मोठ्या फायली वरच असतात. अनेकदा पहिल्या वीसपंचवीस व्हिडिओंतच काम भागतं. मग ‘स्क्रीनशॉट्स’, मग धूसर फोटो. स्क्रीनशॉट न बघता पुसू नका, त्यांत पैसे पाठवल्याच्या पावत्या, अर्जाचे क्रमांक, खताच्या बिलांचे फोटो असतात. आधार, सातबारा, गुणपत्रिकांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा.

पुसलेलं आधी ‘ट्रॅश’मध्ये जातं. बॅकअप झालेला फोटो तिथं ६० दिवस राहतो आणि तोवर जागा अडवतो. सगळं पुसूनही आकडा हलत नाही तो यामुळे. प्रती तपासून झाल्या असतील तर ट्रॅश रिकामा करा, नसतील तर ते ६० दिवस तुमची शेवटची संधी आहेत, हात लावू नका. आकडा खाली यायला एखादा दिवसही लागू शकतो.

काहीच पुसायचं नसेल तर संगणकावर फोटोजच्या सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हर स्टोरेज’ आहे. मूळ दर्जात चढवलेले फोटो ते १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८० पी पर्यंत आणतं. मोबाइलवर बघायला आणि नेहमीच्या आकारात छापायला हा दर्जा पुरतो. मात्र एकदा केलं की मूळ दर्जा परत मिळत नाही. बॅकअप आधीपासूनच ‘स्टोरेज सेव्हर’वर असेल तर याने फारसा फरक पडणार नाही.

वावरातले फोटो

गारपिटीने झोपलेली तूर, पाण्यात उभी पऱ्हाटी, बोंडअळीने किडलेली बोंडं, भिजलेली सोयाबीनची गंजी : हे फोटो ‘पाठवून झाले’ म्हणून पुसू नका. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत जिथं वावरातल्या स्थानिक नुकसानीला संरक्षण असतं तिथं त्याची सूचना ७२ तासांत द्यावी लागते, पण प्रश्न-तक्रारी पुढे कितीतरी दिवस चालू राहतात. कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फोटोत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की ही नोंद निघून जाते आणि फोटो लहानही होतो. तलाठ्याला किंवा विमा प्रतिनिधीला पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तशी फाइल जशीच्या तशी जाते. मूळ फोटो ‘वावर २०२५ खरीप’ अशा फोल्डरमध्ये, गट क्रमांक लिहून, पेनड्राइव्हवर आणि मोबाइलमध्ये दोन्हीकडे ठेवा. गूगलच्या स्टोरेज सेव्हरने तारीख-वेळेची ही नोंद जात नाही, फक्त आकार कमी होतो.

पुन्हा भरू नये म्हणून

फोटोज ॲपच्या बॅकअप सेटिंगमध्ये ‘बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स’ उघडून व्हॉट्सॲप इमेजेस, व्हॉट्सॲप व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट्स बंद करा. व्हॉट्सॲपच्या ‘चॅट बॅकअप’मध्ये ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद ठेवा. व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मोबाइल डेटावरचं आपोआप डाउनलोड बंद करा, रिचार्जही पुरेल. व्हॉट्सॲपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि बऱ्याचदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या दिसतात, त्या काढल्या की पुढचा बॅकअप लहान होतो. कॅमेऱ्यात व्हिडिओ ४के वरून १०८० पी, ३० फ्रेमवर आणा.

नवं मोफत खातं काढणं हाही मार्ग आहे, पण फोटो दोन ठिकाणी विखुरतात, आणि दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल बंद करून आतलं सगळं काढू शकतं. घरात चारपाच मोबाइल असतील तर १०० जीबीची गूगल वन योजना घेऊन ती आणखी पाच जणांत वाटून घेणं जास्त सोयीचं. प्रत्येकाचे फोटो त्याच्याच खात्यात राहतात, एकमेकांना दिसत नाहीत. पैसे भरणं बंद केलं की मर्यादा पुन्हा १५ जीबी होते, म्हणून पेनड्राइव्हची सवय तरीही सोडू नका.

पेनड्राइव्ह ठेवायचा कुठं, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त तापतं. उष्णतेत अशा साठवणीचं आयुष्य घटतं. घरातल्या थंड खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. गाडीच्या डिकीत नको. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर, शक्यतो दुसऱ्या घरी, म्हणजे शिकायला नागपूर-अमरावतीला असलेल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे. हार्ड डिस्क मोबाइलला लावून चालू होत नसेल तर मोबाइलची वीज तिला पुरत नाही, ती संगणकालाच लावा. वर्षातून एकदा, दिवाळीत सगळे घरी असताना, दोन्ही प्रती उघडून प्रत्येक फोल्डरमधले दोनतीन फोटो बघा. त्यातला एखादा जरी उघडला नाही तर त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून नवी करून घ्या.