फॉलन ऑर्डर खेळताय? या चुका टाळा

‘स्टार वॉर्स जेडाय: फॉलन ऑर्डर’ हा प्रकाशाच्या तलवारीने लढायचा संगणकावरचा गेम नोव्हेंबर 2019 मध्ये आला. आता सेलमध्ये तो बराच स्वस्त मिळतो, त्यामुळे आमच्या लष्कर या ग्वाल्हेरमधल्या भागातली नववी-दहावीची मुलं सुट्टी लागली की त्याच्यावर तुटून पडतात. इथल्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसतेच. मग दोन दिवसांत कुणीतरी तक्रार घेऊन येतं. गेम अडकत चालतो, वार अडवला जात नाही, किंवा “मावशी, तो बेडूक एका घासात गिळतो!”

पहिल्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा गेममध्ये नसून आपल्या खोलीत असतं, म्हणून सुरुवात तिथून.

मे-जूनमध्ये इथे पारा 45 च्या आसपास जातो. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपचा वेग उतरवतो. गेम पहिली पंधरा-वीस मिनिटं छान चालून मग रखडायला लागला तर कारण उष्णता, हे जवळपास नक्की समजा. अशा वेळी लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. खालची हवा जायची भोकं बुजतात. कडक टेबलावर ठेवा आणि मागची बाजू थोडी उचलून घ्या. वाळ्याच्या कूलरसमोर लॅपटॉप ठेवणारेही खूप आहेत. तो मोह आवरा. कूलरची हवा गार असली तरी ओली असते, आणि लू म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा चालू असताना तिच्याबरोबर धूळही आत शिरते. कूलरचा झोत स्वतःच्या अंगावर घ्या, लॅपटॉपला साधा पंखा पुरतो. सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येवर, 30 किंवा 45 ची मर्यादा घाला आणि सावल्यांचा दर्जा कमी करा. चित्र थोडं साधं दिसेल, पण खेळ एका गतीने चालेल, आणि या गेममध्ये स्थिर गतीला फार किंमत आहे.

नव्या भागात शिरताना क्षणभर अडकून मग सुरळीत होत असेल तर तो प्रकार वेगळा. तिथे डिस्कवरून माहिती यायला वेळ लागतो. गेमला 55 जीबी जागा लागते, ती एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, द्या. रॅम किमान 8 जीबी हवी, 16 असली तर उत्तम. 8 वर खेळत असाल तर मागे ब्राउझर उघडा ठेवू नका.

लाइट गेल्यावर गेम एकाएकी सुस्तावतो, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप ग्राफिक्सची ताकद उतरवतात. चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या सॉकेटला लावा. डेस्कटॉपवाल्यांनी कपातीची वेळ जवळ आली की ध्यानस्थळावर (गेममधली ध्यानाला बसायची जागा) बसून घ्यावं, तिथे गेम सेव्ह होतो.

आता वार अडवण्याबद्दल. या गेमचा जीव इथेच आहे, आणि बहुतेक जण इथेच कंटाळून सोडून देतात. ते मला खरंच खटकतं, कारण दोष पुष्कळदा त्यांच्या हाताचा नसतो. लॅपटॉप बैठकीतल्या टीव्हीला जोडला असेल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. एरवी टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात ते किंचित उशिरा दाखवतो. तुम्ही अगदी वेळेवर बटण दाबता, पण तो वार गेममध्ये आधीच बसलेला असतो. ब्लूटूथ कंट्रोलरही कधी कधी मागे पडतो, म्हणून वायर लावून पाहा. या दोन गोष्टी नीट केल्यावर “मला जमतच नाही” म्हणणारी मुलं त्याच संध्याकाळी चांगली खेळताना मी पाहिली आहेत.

एवढं करूनही अडत असेल तर बटण धरून ठेवण्याची सवय तपासा. धरून ठेवलं की वार नुसता रोखला जातो, आणि प्रत्येक वाराला तुमची बचावाची पट्टी उतरते. ती संपली की कॅल, म्हणजे आपण चालवतो तो नायक, उघडा पडतो. अचूक वेळी बटण दाबलं तर शत्रूचाच तोल जातो आणि त्याची पट्टी तुटते. स्टॉर्मट्रूपर या शत्रू सैनिकांच्या गोळ्यांचंही तसंच: योग्य क्षणी अडवलेली गोळी त्याच्याकडेच परत जाते. माधव संगीत महाविद्यालयात तबला शिकणारी मुलं हे लवकर उचलतात. सम कुठे येणार हे त्यांना ती येण्याआधीच ठाऊक असतं, आणि इथेही शत्रूच्या हाताची उचल बघून ठेका ओळखायचा असतो. नवा शत्रू भेटला की पहिल्यांदा त्याला मारू नका. दोन-तीन वार नुसते बघा. अंगावर लाल झाक दिसली की तो वार अडवता येत नाही. तिथे बाजूला सरकायचं, दुसरा उपाय नाही.

फोर्स म्हणजे कॅलची जादूसारखी शक्ती; तिच्या पट्टीबद्दल गैरसमज आहे. शत्रूवर वार केले की ती भरते. घाबरून लांब पळत राहिलात तर फोर्स वापरायला काही उरणार नाही.

बोगानो ग्रहावरचा तो बेडूक म्हणजे ऑग्डो बॉग्डो. हा पठ्ठ्या गेमच्या अगदी सुरुवातीच्या ग्रहावर, जमिनीखालच्या गुहेत बसलेला असतो. तो कथेचा भाग नाही, त्याला मारल्याशिवाय पुढे जाता येतं. तरी मुलं तिथे हट्टाला पेटतात. सरळ पुढे जा आणि जास्त ताकद व जास्त स्टिम (तब्येत भरणारे डोस) घेऊन परत या. आत्ताच मारायचा असेल तर गुहेच्या छताला भोक आहे, तिथून थेट त्याच्यावर वार करत उडी घ्या. पहिल्याच फटक्यात त्याचा मोठा लचका तुटतो. मग फोर्सने त्याला मंद करा, दोन वार करा, बाजूला व्हा. तिसऱ्या वाराची हाव धरणाराच गिळला जातो.

मेल्यावर मुलं चिडून दुसरीकडे वळतात, हेही चुकीचं. पुढच्या स्किल पॉइंटसाठी (नवं कौशल्य घ्यायला लागणारा गुण) जमवलेला अनुभव त्या मारणाऱ्या शत्रूकडे राहतो, आणि तो सोनेरी चमकत असतो. त्याला एक वार बसला की अनुभव परत मिळतो, वर कॅलची तब्येतही भरते. आधी पूर्ण झालेले पॉइंट कधीच जात नाहीत.

प्रत्येक ध्यानस्थळावर विश्रांती घेऊ नका. विश्रांतीने तब्येत आणि स्टिम भरतात, पण मारलेले शत्रू सगळे परत उभे राहतात. नुसते पॉइंट खर्च करून उठता येतं. स्टिम शिल्लक असतील तर तेच करा.

बोगानोनंतर झेफो ग्रहावर जायचं की डाथोमिर ग्रहावर, असं विचारलं जातं. आधी झेफो. डाथोमिरवरचे शत्रू सुरुवातीला जड जातात, आणि काही अंतर गेल्यावर कथाच वाट अडवते. मात्र तिथल्या वर्कबेंचवर (हत्यार सुधारायचं टेबल) दोन्ही टोकांना पाती असलेला लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, लवकर मिळतो. तेवढ्यासाठी धाडस करायचं असेल तर करा, आणि घेऊन लगेच परत या.

वाट चुकण्याची तक्रारही रास्त आहे, कारण या गेममध्ये एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एकदम जायची सोय नाही. जहाजापर्यंत चालतच परतावं लागतं. नकाशा उघडून रंग पाहायची सवय लावा: लाल वाट अजून बंद आहे, हिरवी आता खुली झाली, पिवळी बघायची राहिली. लाल दारापाशी डोकं आपटण्यात लोक अख्खी दुपार घालवतात.

आणि काठिण्यपातळी मेन्यूतून केव्हाही बदलता येते. तिथे शत्रूचा आक्रमकपणा, होणारी इजा आणि वार अडवायला मिळणारा वेळ अशा तीन गोष्टी दाखवलेल्या असतात. नव्याने खेळणाऱ्याने स्टोरी मोड या सगळ्यात सोप्या पातळीवर झेफो संपवावा आणि मग जेडाय नाइट या पुढच्या पातळीवर यावं. एखाद्या बॉसपाशी (मोठ्या, खास शत्रूपाशी) फारच अडलात तर तेवढ्यापुरती पातळी उतरवा, तो पडला की पुन्हा चढवा.