संध्याकाळचा उजेड रंगवताना या चुका टाळा

इम्प्रेशनिस्ट पद्धतीने, म्हणजे त्या क्षणाचा उजेड टिपत, सूर्यास्त रंगवायला बसलेले बहुतेक जण अख्ख्या कॅनव्हासवर केशरी फासतात. चित्र तापतं, पण उजळत नाही. फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकार क्लोद मोनेने १८९१ मध्ये सूर्यास्ताच्या वेळची गव्हाची सुडी रंगवली, ते चित्र आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. ते सावकाश बघा. सूर्य सुडीच्या मागे, म्हणून आपल्याकडची बाजू सावलीत आणि कड मात्र पेटलेली. ती पेटते ती सावलीत शिरलेल्या थंड, म्हणजे निळ्या-जांभळ्या रंगांच्या जोरावर. केशरी-निळ्यासारखे विरोधी रंग शेजारी आले की दोन्ही जोरकस दिसतात, हे शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच सविस्तर मांडलं होतं. तेव्हा केशरी फिका वाटला तर त्यावर आणखी केशरी चढवू नका, शेजारची सावली जरा निळी करून बघा.

सावलीत काळा तर नकोच. उन्हाची सावली असली तरी तिच्यावर आकाशाचा उजेड पडतोच. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि क्रिमसन (गडद लाल) यांच्या मिश्रणातून ती श्वास घेते. मोनेच्या बर्फातल्या सुड्यांच्या सावल्या निळ्या आहेत त्या याच कारणाने.

उजेड वाढवायला पिवळ्यात पांढरा ओतत गेलात तर रंग खडूसारखा होतो. आणि ओल्या रंगावर ब्रश घोळवत राहिलात तर मळतो. फटकारा मारा, हात उचला, खालचा थर सुकू द्या.

सगळ्यात घातक चूक वेळेची. पाचची सावली आणि साडेसहाचं आकाश एकाच चित्रात आलं की कितीही कौशल्य असो, चित्र खोटं वाटतं. ऑक्टोबर १८९० मध्ये मोनेने मित्र गुस्ताव्ह जेफ्रॉयला कळवलं होतं की सूर्य इतका भरभर मावळतो की त्याला गाठताच येत नाही. उजेड बदलला की मोने कॅनव्हास बदलायचा; म्हणून तर झिव्हर्नी या त्याच्या गावच्या त्या सुड्यांची जवळपास २५ चित्रं झाली. तुम्हीही थांबा, दुसरा कॅनव्हास घ्या किंवा उद्या त्याच वेळी या.

मोनेही शेवटचा हात स्टुडिओत फिरवायचा, त्यामुळे घरी काम करण्यात कमीपणा नाही. फक्त मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. सूर्य समोर असला की फोटोत सावल्या काळ्या येतात. निघण्यापूर्वी सावलीतले तीन-चार रंग कागदाच्या कोपऱ्यात लावून ठेवा.