मध्ययुगीन फ्रेंच घराण्याचं मूळ गाव आणि जमिनी शोधताना या चुका टाळा

12व्या-13व्या शतकातल्या फ्रेंच सरदार घराण्याचा माग काढायला बसलं की पहिला हात नकाशाकडे जातो. घराण्याचं नाव टाकायचं, त्या नावाचं गाव दिसतं, काम फत्ते. निम्मे शोध इथेच भरकटतात. घराण्याचं नाव हा सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. गाव पक्कं होतं ते आजूबाजूच्या माणसांवरून: वरचा धनी कोण, चर्च कोणत्या बिशपच्या हद्दीत, दान कोणत्या मठाला, साक्षीदार कुठले.

नाव जुळलं म्हणून गाव पक्कं करणं

मोंफोर, बोमों, व्हिलनव्ह या नावांची गावं फ्रान्सभर विखुरलेली आहेत. पॅरिसच्या पश्चिमेला मोंफोर-लामोरी, नॉर्मंडीत मोंफोर-स्युर-रिल, ब्रिटनीत मोंफोर-स्युर-म्यो. तिन्ही ठिकाणी मध्ययुगात मोंफोर म्हणवणारे सरदार होते आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. बोमोंचंही तसंच. वाझ नदीकाठचे काउंट वेगळे, नॉर्मंडीतल्या बोमों-ल-रोजेचे वेगळे, सार्त नदीकाठचे व्हायकाउंट वेगळे.

फसवं उदाहरण म्हणजे ब्रिटनीचे मोंफोर ड्यूक. 1365 च्या गेरांद तहाने त्यांची गादी पक्की झाली. ब्रिटनीचे ड्यूक, म्हणजे ब्रिटनीतलंच मोंफोर, असं कुणीही धरून चालेल. प्रत्यक्षात ते नाव आलं पॅरिसजवळच्या मोंफोर-लामोरीहून. ड्यूक दुसरा आर्थर याची दुसरी पत्नी योलांद ही तिथली काउंटेस होती, आणि तिच्याकडून तो वारसा मुलगा जाँ याला मिळाला.

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळखाऊ आहे. सनद किंवा दानपत्र हाती आलं की तीन वेगवेगळ्या जातीचे दुवे काढा: वरिष्ठ धनी, बिशपचा प्रांत, आणि मठ किंवा शेजारची गावं. मोंफोर-लामोरीचा धनी फ्रान्सचा राजा, बिशप शार्त्रचा, दानं व्हो-द-सेर्ने मठाला. म्यो काठच्या मोंफोरचा धनी ब्रिटनीचा ड्यूक, बिशप सें-मालोचा. तिन्ही दुवे एकाच जागी आले तरच वहीत पेनाने लिहा. दोनच आले तर पेन्सिलीने.

साक्षीदारांची नावं घाईत गाळू नका. गावपातळीवरच्या दानपत्राचे साक्षीदार बहुधा 15-20 किलोमीटरच्या परिघातले असतात. प्रत्येकाच्या नावातलं गाव नकाशावर टाका. ठिपके जिथे दाटतील तिथे तुमचं गाव. राजाच्या किंवा ड्यूकच्या दरबारात झालेल्या सनदेला मात्र ही युक्ती लावू नका, तिथे चहूकडचे लोक हजर असतात.

‘द’ दिसला की मालक समजणं

नाशिककर आडनावाच्या माणसाकडे नाशिकची मालकी नसते, आणि हे आडनाव पडतंही तो नाशिक सोडून दुसरीकडे गेल्यावर. फ्रेंच नावातला ‘द’ म्हणजे ‘अमुक गावचा’, आणि त्याचं गणित बरंचसं असंच आहे. पिएर द व्हिलर हा व्हिलरचा सरदार असेल, तिथून आलेला व्यापारी असेल, नाहीतर तिथे जन्मलेला भिक्षू असेल. नावासोबत ‘दोमिनुस’ किंवा ‘सेन्यर’ (दोन्हींचा अर्थ धनी) असं पद हवं, नाहीतर त्याने त्या गावची जमीन स्वतःच्या हक्काने दिल्या-घेतल्याचा कागद हवा.

उलटी चूकही होते. सख्ख्या भावांची नावं वेगळी निघाली की आपण त्यांना वेगळी घराणी समजतो. धाकटा भाऊ वाट्याला आलेल्या जमिनीचं नाव लावतो, कुणी आईकडच्या जमिनीचं. 1181 मध्ये मोंफोरचा तिसरा सिमों वारला, तेव्हा नॉर्मंडीतलं एव्ह्रो एका मुलाकडे गेलं आणि मोंफोर दुसऱ्याकडे. पुढच्या पिढीत एक शाखा एव्ह्रोचे काउंट म्हणून भेटते, दुसरी मोंफोरचे सरदार म्हणून. बापाचं नाव पाहिलं नाही तर हे भाऊबंद आहेत हे ध्यानातही येत नाही.

आजच्याच नावाने शोधणं

तूरजवळचं ल्युईन हे गाव 13व्या शतकाच्या एकाही कागदात या नावाने सापडणार नाही. 1619 पर्यंत त्याचं नाव माये होतं आणि मायेचे सरदार हे जुनं, मातब्बर घराणं. आता ‘माये’ शोधलं तर त्याच भागातलं दुसरंच माये पुढे येतं, शिवाय पश्चिमेला आणखी दोन. उत्तरेला सोम खोऱ्यात आंक्र नावाचं गाव होतं. ल्युईनच्याच ड्यूकच्या घराण्यामुळे ते आल्बेर झालं. क्रांतीच्या काळात तर ‘सें’ असलेली कितीतरी नावं बदलली, सें-द्नी काही काळ फ्रांसियाद होतं. अलीकडे, विशेषतः 2015 नंतर, शेकडो लहान गावं एकत्र करून नव्या नावांच्या ग्रामपालिका झाल्या आहेत. तुमचं गाव आता एखाद्या मोठ्या ग्रामपालिकेची वाडी असू शकतं.

इथे कामाला येतो तो फ्रान्सचा स्थलनाम कोश. 1861 पासून तो एकेका देपार्तमांचा (म्हणजे फ्रान्समधल्या जिल्ह्याचा) म्हणून छापला गेला आणि आता ऑनलाइनही आहे. प्रत्येक गाव, वाडी, गिरणी, शेतघर यांची जुनी रूपं सनावळीसह त्यात दिली आहेत. सगळ्या देपार्तमांचे खंड निघालेले नाहीत, म्हणून आधी तुमच्या भागाचा आहे का ते पाहा.

स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांत शोध घेताना एकच रूप टाकून हात झटकू नका. लॅटिनमध्ये विभक्तीनुसार नाव बदलतं: मोन्स फोर्तिस, मोन्तिस फोर्तिस, मोन्ते फोर्ति, कधी जोडून, कधी तोडून. प्रत्येक रूप वेगळं शोधा.

चुकीच्या दप्तरात बसून राहणं

देपार्तमां 1790 चे. त्याआधीचे कागद प्रांत, बिशपची हद्द आणि न्यायालयाची हद्द यांप्रमाणे साठले. मोंफोर-लामोरी आज इव्हलीन देपार्तमांत आहे. 1968 पर्यंत ते सेन-ए-वाझमध्ये होतं, म्हणून 19व्या शतकातल्या सूच्यांवर हे जुनं नाव दिसेल. आणि चर्चचे कागद हवे असतील तर पाहायचं शार्त्रकडे, म्हणजे शेजारच्या अर-ए-ल्वार देपार्तमांच्या पुराभिलेखागारात.

तिथल्या दप्तरांना अक्षरं आहेत आणि ती देशभर सारखी. ‘ई’मध्ये जहागिरी आणि घराण्यांचे कागद, ‘जी’मध्ये बिशप आणि चर्चचे, ‘एच’मध्ये मठांचे. घराण्याचे कागद शोधणारे थेट ‘ई’मध्ये शिरतात आणि रिकाम्या हाताने परततात. 13व्या शतकाआधीचा बहुतेक पुरावा ‘एच’मध्ये आहे, कारण मठांनी आपली दानपत्रं जपली, सरदारांनी नाही. राजाला थेट बांधील असलेल्यांच्या जहागिरीच्या कबुल्या पॅरिसच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात ‘पी’ मालिकेत आहेत.

मालिका रिकामी दिसली तर ती का रिकामी, हे आधी तपासा. ऑक्टोबर 1737 मध्ये पॅरिसमधल्या राजाच्या हिशेब-कचेरीला आग लागली. 17 जुलै 1793 च्या कायद्याने सरंजामी हक्कांचे कागद जाळायला लावले. मे 1944 च्या बॉम्बहल्ल्यात शार्त्रच्या ग्रंथालयातली हस्तलिखितं गेली, आणि पुढच्याच महिन्यात सें-लो इथलं मांश देपार्तमांचं पुराभिलेखागार. तिथे मूळ कागद शोधण्यात अर्थ नाही. 17व्या ते 19व्या शतकातल्या अभ्यासकांनी केलेल्या नकला शोधा.

गावात जमीन म्हणजे गाव मालकीचं असं धरणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

धनी बदलला किंवा वारस बसला की जहागीरदार आधी निष्ठेची शपथ घ्यायचा आणि साधारणपणे 40 दिवसांत जमिनीची सविस्तर कबुली लिहून द्यायचा. तिला ‘आव्हू ए देनोंब्रमां’ म्हणतात. कबुलीत चार-पाच वेगळ्या गोष्टी एकाखाली एक येतात: स्वतःच्या ताब्यातला वाडा, शेतं, जंगल, तळी; कुळांकडची जमीन, जिच्यावर फक्त ठरावीक सारा मिळतो; पोटजहागिरी, ज्या दुसऱ्याच्या ताब्यात असून फक्त निष्ठा याच्याकडे; न्यायनिवाड्याचा हक्क; आणि चर्चच्या दशांशातला (पिकाच्या दहाव्या हिश्श्याच्या करातला) वाटा. ‘अमुक गावी दशांशाचा चौथा हिस्सा’ असं लिहिलं असेल तर त्या गावात घराण्याची एक वीतही जमीन नसू शकते. नकाशा रंगवताना या प्रकारांना वेगवेगळे रंग द्या. एकाच रंगात सगळं भरलं की छोट्या सरदाराचं राज्य होतं.

प्रत्येक तुकड्यापुढे चतुःसीमा असते: एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला मठाची जमीन, एका टोकाला अमुक गावचा रस्ता. सगळ्या सीमा एका तक्त्यात उतरवा. जो ओढा, जी गिरणी वारंवार येते ती खुंटी धरायची आणि बाकीचे तुकडे तिच्याभोवती लावायचे.

मग नेपोलियनच्या काळातले गाववार मोजणी नकाशे उघडा. 1807 च्या कायद्याने ही मोजणी सुरू झाली. नकाशे देपार्तमांच्या पुराभिलेखागारात ‘3 पी’ मालिकेत आहेत आणि बहुतेक ऑनलाइन आहेत. आधी पूर्ण गावाचा जोडनकाशा, मग ए, बी, सी असे विभाग, मग प्रत्येक तुकड्याचा नंबर. नंबरापुढचं शेताचं नाव विभागवार यादीत सापडतं, नकाशात नाही. यादी न उघडता नकाशाच पाहत बसणं ही नेहमीची चूक. ला मोत, ल प्लेसी, ला गारेन अशी शेतनावं दिसली की थांबा: पहिलं गढीच्या उंचवट्याचं, दुसरं कुंपण घातलेल्या वाड्याचं, तिसरं सरदाराच्या राखीव सशांच्या रानाचं. कासिनीचा 18व्या शतकातला नकाशा (1 सेंटिमीटरला 864 मीटर) गिरण्या, वाडे आणि वस्त्यांची नावं यांसाठी उत्तम, पण त्यात शेतांच्या हद्दी नसतात.

क्षेत्रफळ आणि पैशांचं रूपांतर अंदाजाने करणं

पॅरिसचा आर्पां हे जमिनीचं माप 34.19 आर (1 आर म्हणजे 100 चौरस मीटर), म्हणजे जवळपास 34 गुंठे. वनखात्याचा आर्पां 51.07 आर. दोन्ही 100 चौरस पेर्शचे, पण पेर्श म्हणजे मोजणीची काठी एकात 18 जुन्या फ्रेंच फुटांची, दुसऱ्यात 22 फुटांची. नॉर्मंडीचा एकर 160 पेर्शचा; 22 फुटी पेर्शने तो सुमारे 81.7 आर होतो, म्हणजे आपल्या एकराच्या दुप्पट. ‘एकर’ वाचून 40 गुंठे धरले की क्षेत्र निम्मं भरतं. कागदात पेर्शची लांबी दिली नसेल तर मूळ एकक तसंच ठेवा, रूपांतर करू नका. पैशांत लिव्र हे चलन दोन प्रकारचं: 4 पॅरिसी लिव्र म्हणजे 5 तूरी लिव्र.

कागदात नाव नाही म्हणून शाखा बुडाली असं ठरवणं

नॉर्मंडी, मेन, आंजू इथे ‘पाराज’ची रीत होती. धाकटे भाऊ वाटा घ्यायचे, पण धन्यापुढे थोरलाच सर्वांच्या वतीने शपथ घ्यायचा. त्यामुळे कित्येक पिढ्या धाकटी शाखा धन्याच्या वह्यांत दिसतच नाही. ती मठाच्या दानपत्रांत, ‘भावाच्या संमतीने’ अशा शब्दांत सापडते. ब्रिटनीत 1185 च्या काउंट जोफ्रुआच्या नियमाने मोठ्या जहागिरी फोडायला बंदी झाली; पॅरिसच्या रूढीत थोरल्याला मुख्य वाडा, शिवाय दोन मुलं असतील तर दोन तृतीयांश, जास्त असतील तर अर्धं. जमीन कुठल्या प्रांतात आहे ते ठरवल्याशिवाय वाटणीचा हिशेब मांडू नका.

नॉर्मंडीतलं घराणं 1204 नंतर एकाएकी गायब झालं, तर वंश खुंटला असं लिहू नका. त्या साली फ्रान्सचा राजा फिलिप ऑग्युस्ट याने नॉर्मंडी जिंकली आणि इंग्लंडच्या राजाकडे राहिलेल्या बहुतेकांच्या जमिनी जप्त केल्या. पुढचा शोध इंग्लंडमध्ये घ्या.

तारीख जशीच्या तशी घेणं

राजाच्या कचेरीत वर्ष ईस्टरला बदलायचं, आणि ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांत कधीही येतो. ‘फेब्रुवारी 1223’ म्हणजे आपला फेब्रुवारी 1224. बाप नोव्हेंबर 1223 मध्ये वारला आणि मुलाने ‘फेब्रुवारी 1223’ला शपथ घेतली, तर मुलगा बाप हयात असताना वारस झालेला दिसतो, मग लोक तिसराच माणूस कल्पून मोकळे होतात. काही प्रांतांत वर्ष 25 मार्चला किंवा नाताळला बदलायचं. 1 जानेवारी लागू झाली 1560 च्या दशकात. दोन्ही साली लिहा: 1223/24.

छापील वंशावळीवर विसंबणं

17व्या शतकात करमाफी टिकवायला सरदारपणा सिद्ध करावा लागे, म्हणून बऱ्याच वंशावळी सोयीने लांबवल्या गेल्या. व्हर्सायच्या धर्मयुद्ध दालनात नाव लागावं म्हणून 1840 च्या सुमारास बनावट कर्जरोखे विकले गेले. त्यांना कुर्त्वा संग्रह म्हणतात. पूर्वजाचा पुरावा म्हणून धर्मयुद्धातला एखादा इटालियन सावकाराचा रोखा दाखवला असेल आणि 1840 आधी त्याचा कुठेच उल्लेख नसेल, तर तो बाजूला ठेवा. अशा ग्रंथांतून फक्त कागदाचा संदर्भ घ्या, आणि तो कागद आज कोणत्या दप्तरात कोणत्या नंबराने आहे ते तपासून मगच वंशावळीत ओळ भरा.