नाक धुताना या चुका टाळा

निफाडकडची थंडी नाशकात उतरली की नाकं चोंदतात, कपाळ ठणकायला लागतं आणि माळ्यावरचं नेतीपात्र, म्हणजे नाक धुवायचं तोटीचं भांडं, खाली येतं. उपाय चांगलाच आहे. मिठाच्या पाण्याने घट्ट शेंबूड सैल होतो, धूळ आणि परागकण धुऊन निघतात, सायनसची तोंडं मोकळी राहतात. पण पाणी चुकलं तर सगळंच चुकलं.

नळाचं पाणी थेट नाकात घालू नका. गंगापूर धरणाचं पाणी क्लोरिन घालून घरी येतं ते पिण्यासाठी. पोटातलं आम्ल बरेच जंतू मारतं, नाकात तशी सोय नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. अमेरिकेत लुइझियानामध्ये २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे याच आजाराने दगावले. आजार अत्यंत दुर्मीळ, पण झाला की बहुतेक वेळा जीव घेतो.

‘आमच्याकडे आरओ आहे’ म्हणून बेफिकीर राहू नका. ते पाणीही उकळाच. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी नाकासाठी नसतं. रामकुंडाचं तीर्थ देवघरात ठेवा, नेतीपात्रात नको.

पाण्याला खळखळून उकळी आली की आणखी किमान एक मिनिट गॅस चालू ठेवा. मग झाकून कोमट होऊ द्या आणि मनगटावर थेंब टाकून बघा. उरलेलं पाणी स्वच्छ बंद भांड्यात २४ तासांपर्यंत चालतं. एवढी खटपट नको असेल तर मेडिकलमधून ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाईन आणा.

नाकात आग होते? मीठ कमी किंवा जास्त झालंय. पाव लिटर पाण्याला चहाचा सपाट अर्धा चमचा, किंचित कमीच. आयोडीन नसलेलं बारीक मीठ घ्या, हवा तर चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. मीठ टाकायला विसरलात तर साधं पाणी हमखास झोंबतं.

पाणी घशात उतरून ठसका लागतो? मान मागे गेलीय. बेसिनवर पुढे वाका, डोकं एका बाजूला वळवा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या. मधे बोलू नका. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येत नसेल तर जोर लावू नका.

नंतर कानात दडा बसतो तो दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरल्यामुळे. एकेक बाजू, हलक्या हाताने. डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला असेल तर आधी नाक धुवा, मग स्प्रे.

भांडी बाजारातलं तांब्याचं पात्र देखणं असतं, पण मिठाच्या पाण्याने त्यावर हिरवट थर चढतो. स्टीलचं बरं. वापर झाला की धुऊन पूर्ण कोरडं करा, आणि घरात प्रत्येकाचं पात्र वेगळं.

दहा दिवसांत उतार नसेल, बरं वाटून पुन्हा बिघडलं, खूप ताप आला, डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसायला त्रास झाला, तर नेती थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. डोळ्याची लक्षणं असतील तर त्याच दिवशी.