मार्च-एप्रिलमध्ये काठावरून बास कसा धरायचा (न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींसाठी)

दरवर्षी पाडव्याच्या आसपास कोणी ना कोणी मला विचारतंच, की दादा रॉड घेतला, लायसन काढलं, सकाळी सहाला तळ्यावर जाऊन तीन तास कुडकुडत उभा राहिलो आणि साधा एक झटका पण नाही, चुकतंय कुठे? बहुतेक वेळा चूक त्या सकाळी सहामध्येच असते. जून-जुलैत पहाटेसारखी वेळ नाही हे खरंय, पण मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला सकाळचं पाणी रात्रभर गारठून पडलेलं असतं आणि मासा त्याच्यासारखाच गारठलेला असतो. आत्ता निवांत उठा, जेवा, आणि दुपारी दोनला निघा. दोन ते सूर्य बुडेपर्यंत, बस्स. मार्चमधे घड्याळं पुढे गेली की ऑफिस सुटल्यावर पण दीड-दोन तास उजेड मिळतो, तेवढा पुरतो.

मी बोलतोय लार्जमाउथ बासबद्दल, तळ्यातला हिरवट, मोठ्या जबड्याचा. रॅरिटन बेमध्ये येतो तो स्ट्राइप्ड बास, तो वेगळा मासा, त्याचं तंत्रच वेगळं. आमच्याकडे अलिबागच्या खाडीत जिताडा जसा खडकाच्या नाहीतर खांबाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि जवळून काही गेलं की झडप घालतो, बासचा स्वभाव मला तसाच वाटतो, म्हणून ज्यांनी लहानपणी गरी टाकलीये त्यांना हा मासा पटकन कळतो.

आता मुख्य गोष्ट, आणि बाकी सगळं विसरलात तरी ही विसरू नका. माशाचं रक्त थंड, पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं तापमान. पाणी ४५ फॅरनहाइटच्या खाली असेल तर बास खोलात जवळजवळ बसून असतो, दिवसाला थोडंसं खाल्लं तरी त्याला पुरतं. ५० च्या आसपास तो हलायला लागतो आणि उथळाकडे यायला लागतो, ५५ ला चांगला भुकेला होतो कारण पुढे अंडी घालायचीत, आणि ६० च्या वर गेलं की नर उथळ पाण्यात कडक तळ साफ करून घरटी करायला लागतात. म्हणजे आपल्याला पाहिजे तो काळ साधारण ४८ ते ५८. आणि गंमत अशी की आख्खं तळं एकाच वेळी एकाच तापमानाला नसतं! मी खिशात दहा-बारा डॉलरचा साधा थर्मामीटर ठेवतो, त्याला दोरी बांधलेली. एका एप्रिलच्या दुपारी एकाच तळ्यावर दक्षिण काठाला ४७ लागलं आणि चालत पलीकडे उत्तर काठाला गेलो तर ५३. अलीकडे तासभर काही नव्हतं, पलीकडे चाळीस मिनिटांत तीन मासे. त्या दिवसापासून मी आधी पाणी मोजतो आणि मग रॉड उघडतो.

तर जागा शोधायची ती अशी. तळ्याच्या उत्तर काठावर जा, म्हणजे तुमची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला असेल. या दिवसात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, त्यामुळे दक्षिण काठावर तिथल्याच झाडांची सावली पडलेली असते आणि उत्तर काठ दिवसभर शेकून निघतो. शिवाय उत्तरेचा गार वारा तुमच्या पाठीमागच्या झाडीने अडतो. उत्तर-पश्चिम कोपरा सगळ्यात लवकर तापतो असा माझा अनुभव आहे. आणि दोन-तीन दिवस सलग दक्षिणेकडून कोमट वारा वाहिला असेल तर तो वरचं गरम पाणी ढकलत ढकलत याच काठाला आणतो, तोंडावर वारा येईल, गळ टाकायला त्रास होईल, तरी तिथेच उभे रहा.

त्यातही तळ बघा. काळा चिखल ऊन धरतो, पिवळी वाळू तेवढं धरत नाही. मोठे दगड रचलेला बंधारा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण दगड दिवसभर तापतात आणि संध्याकाळपर्यंत ऊब सोडत राहतात. चार वाजता पाण्यालगतच्या कोरड्या दगडावर हात ठेवून बघा, कोमट लागला तर तिथे वेळ घालवा. गेल्या वर्षीच्या कमळांचे वाळलेले, तपकिरी झालेले देठ पाण्यात उभे असतात, ती पण उत्तम जागा. ओढा येऊन मिळतो ते तोंड बघा, मात्र कोमट पाऊस पडून गेल्यावर. बर्फ वितळून येणारं पाणी असेल तर तिकडे फिरकू नका. आणि या सगळ्याला एक अट, जवळच खोल पाणी पाहिजे. शंभर यार्डभर नुसता गुडघाभर चिखल असेल तर मासा तिथपर्यंत एवढ्या लवकर येत नाही, त्याला रात्री परत खोलात जायला जवळचा रस्ता लागतो.

मर्सर काउंटी पार्कमधलं मर्सर लेक, नॉर्थ ब्रन्सविकजवळचं फॅरिंग्टन लेक, असनपिंकची तळी, या सगळ्या ठिकाणी काठावर उभं राहायला जागा मिळते. प्रिन्स्टनला कार्नेगी लेक आणि डेलावेअर-रॅरिटन कनाल शेजारी शेजारी आहेत, मधून टोपाथ म्हणजे कनालकाठची पायवाट जाते, एका हाताला लेक आणि दुसऱ्या हाताला कनाल. तिथे एक गोष्ट लक्षात घ्या, टोपाथ हा लेकचा दक्षिणेकडचा काठ आहे पण कनालचा उत्तरेकडचा. म्हणून मार्चमधे मी लेककडे पाठ करतो आणि कनालमधे टाकतो, तेही लांब नाही, अगदी पायाखालच्या काठाला धरून. येणारे जाणारे लोक सगळे लेकमधे लांब लांब फेकत असतात.

यावरून काठाची गोष्ट. काठावर गेल्या गेल्या पाण्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं आणि मधोमध जेवढं लांब जाईल तेवढं फेकायचं, हे ९० टक्के लोक करतात. पण मधल्या पाण्यात आत्ता मासा नाहीये, तुमच्या बुटांपासून सहा फुटांवर आहे, आणि तुमच्या पावलांच्या दणक्याने तो कधीच निघून गेलेला असतो. खाडीवर बाबा मला नेहमी सांगायचे, तुझी सावली पाण्यात पाडू नको. इथे ते दुप्पट खरं, कारण ऊब उथळात असते आणि उथळात माशाला सगळं दिसतं. पहिला गळ काठापासून दहा फूट मागे उभं राहून टाका. मग हळू पुढे या आणि काठाला समांतर टाका, डावीकडे एक, उजवीकडे एक. समांतर टाकलं की आमिष पूर्ण वेळ त्या कामाच्या दोन-तीन फूट पाण्यातच फिरतं, सरळ आत फेकलं तर शेवटची चार-पाच सेकंदंच फक्त कामाची. नंतर पंधरा पावलं पुढे. जागा बदलत रहा, पण झटका मिळाला की तिथेच थांबा, या दिवसात बास एकटादुकटा नसतो, एका कोपऱ्यात चार-पाच साठून असतात.

सामान फार लागत नाही. साडेसहा-सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० साइझचं रीळ, त्यावर दहा पौंडाची ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि पुढे पाच-सहा फूट आठ-दहा पौंडाचा फ्लुरोकार्बन. आपल्या तंगुसासारखाच दिसतो पण पाण्यात कमी दिसतो आणि बुडतो. गाठ मारल्यावर घट्ट ओढायच्या आधी थुंकीने ओली करा, कोरडी ओढली तर ती जळते आणि नेमका मोठा मासा लागल्यावरच तुटते.

आमिषं तीनच घ्या. पहिलं लिपलेस क्रँकबेट, म्हणजे पुढे जीभ नसलेलं, चपटं, माशाच्या आकाराचं कडक आमिष, अर्ध्या औंसाचं, लाल किंवा तपकिरी, कारण या दिवसात क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या शेवंडीसारखे प्राणी बाहेर पडायला लागतात आणि बास त्यांच्यावर तुटून पडतो. पाणी गढूळ असेल, वारा असेल, तेव्हा हे. तळाला लागू द्या, झटक्यात फूटभर उचला, परत पडू द्या. देठात अडकलं तर जोरात सोडवा, बऱ्याचदा सुटल्या सुटल्याच धरतो. दुसरं, पाच इंची मऊ काडीसारखा सेंको, वजन न लावता, मधोमध हुक घालून. हे तर काही करायचंच नाही, टाकायचं आणि आपोआप बुडू द्यायचं.

तिसरं जर्कबेट, आणि यावर जरा थांबतो कारण पाणी स्वच्छ आणि ५० च्या आसपास असेल तेव्हा माझे सगळ्यात मोठे मासे यावरच आलेत. हे बारीक, लांब, माशासारखं असतं आणि ओढायचं थांबवलं की वरही येत नाही, खालीही जात नाही, जागेवर तरंगत राहतं. निदान राहायला पाहिजे. थंड पाणी कोमट पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे जे जर्कबेट मे महिन्यात जागेवर थांबतं तेच मार्चमधे हळूहळू वर येतं. म्हणून आधी पायाजवळच्या पाण्यात सोडून बघा. वर येत असेल तर पुढच्या हुकाच्या दांड्याला शिशाची बारीक तार दोन-तीन वेढे गुंडाळा, परत बघा, नाक किंचित खाली करून थांबलं पाहिजे. मग टाका, चार-पाच वेळा रीळ फिरवून खाली न्या, दोन झटके द्या, आणि थांबा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. पाणी ४७-४८ असेल तर पंधरा. लाइन जराशी सैल ठेवा, ताणून धरली तर ते सरकतं. हात शिवशिवतात, मन म्हणतं ओढ ओढ, पण ओढू नका! मासा त्या थांबण्यातच येतो. आणि झटका असा येतच नाही मुळी, सैल लाइन फक्त एकदा टिच्च हलते किंवा बाजूला सरकायला लागते, किंवा पुढच्या झटक्याला काहीतरी जड, ओलं फडकं लागल्यासारखं वाटतं. तोच मासा. रॉड आडवा ओढा आणि रीळ फिरवा.

कुठल्या दिवशी जायचं, तर सलग तीन उबदार दिवसांतला तिसरा. दिवसाचं ऊन बघून फसू नका, रात्रीचा आकडा बघा, रात्री ४० च्या वर राहिल्या तरच दिवसभराची कमाई टिकते. गार वारं येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ निळं, ऊन लख्ख, सगळ्यांना वाटतं काय मस्त दिवस, आणि त्याच दिवशी बास तोंड उघडत नाही. गेलातच तर सेंको घ्या आणि खोल पाण्याच्या कडेला टाका. फोरसिथियाची झुडपं पिवळी झाली आणि संध्याकाळी तळ्याकाठी बारके बेडूक ओरडायला लागले की माझी बॅग गाडीत कायमची असते.

कायद्याचं नीट ऐका. १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लायसन लागतं (राज्यात राहणारे सत्तर किंवा त्यापुढचे सोडून), ते जानेवारी ते डिसेंबर चालतं, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात काढलेलं आत्ता चालणार नाही. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून बास धरून सोडायचाच, घरी न्यायचा नाही. एरवी किमान १२ इंच आणि दिवसाला पाच, पण काही तळ्यांचे नियम वेगळे आहेत आणि ट्राउट सोडतात त्या पाण्यांचे आणखी वेगळे, तर राज्याच्या साइटवर त्या त्या पाण्याचं नाव टाकून बघून जा. सोसायटीच्या मागचं तळं असेल तर विचारून.

खायचं म्हणाल तर मी आत्ताच्या दिवसात एकही नेत नाही, नियम नेऊ देतो तेव्हाही नाही. पोट फुगलेली मादी म्हणजे हजारो अंडी. मादी अंडी घालून जाते आणि नर एकटा घरट्यावर पहारा देतो, त्याला उचललं की सनफिश लगेच येऊन अंडी फस्त करतात, मी डोळ्यांनी बघितलंय. शिवाय राज्याने बासमधल्या पाऱ्याबद्दल सूचना काढलेल्या आहेत, लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी जास्त कडक. तळायलाच पाहिजे असेल तर ट्राउट आणा, छान लागतो.

सोडताना हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. जबडा अंगठ्याने धरलात तर दुसरा हात पोटाखाली पाहिजे, जड मासा नुसता जबड्याला आडवा लटकवू नका. हुकांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका, फोटो एकच, आणि परत पाण्यात.

शेवटचं तुमच्याबद्दल. बंधाऱ्याच्या दगडांवर पाण्याच्या रेषेला शेवाळ असतं. तीन वर्षांपूर्वी माझा पाय तिथेच घसरला, कमरेपर्यंत पाण्यात गेलो, पाणी ४६ होतं, काही सेकंद श्वासच घेता येईना. बरोबर मित्र होता म्हणून त्याने हात दिला. या दिवसात एकटे जाऊ नका, गाडीत कोरडे कपडे ठेवा, मुलांना लाइफ जॅकेट घाला. आणि टिक्स, म्हणजे गोचिडी. थंडी आहे म्हणून नसतील असं समजू नका, हवा गोठणबिंदूच्या वर गेली की त्या गवतात असतात आणि त्या चावून होणारा लाइम आजार इथे घरोघरी ऐकू येतो. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमधे, आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघून मगच जेवायला बसा.