पक्षाघात टाळण्यासाठी रक्तदाब आटोक्यात कसा ठेवावा: मोजमाप, मीठ आणि दिनक्रम

उच्च रक्तदाबाची मोठी अडचण अशी, की तो बहुधा जाणवत नाही. डोके दुखले किंवा चिडचिड झाली की ‘बीपी वाढले असेल’ असे आपण सहज म्हणून जातो; पण वरचा आकडा 160 असलेल्या कित्येक माणसांना काहीही होत नसते, आणि त्यामुळेच अनेकांना आपल्या रक्तदाबाचा पत्ता थेट पक्षाघात (स्ट्रोक) झाल्यावर लागतो. म्हणून पुढील सर्व सूचनांमागे एकच नियम आहे: अंदाजाने काही ठरवू नये. रक्तदाब, मीठ, वजन आणि चालणे या चारही गोष्टी मोजता येतात, आणि त्या मोजाव्यात.

मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक असतात आणि त्या मोठ्या धमन्यांतून जवळजवळ काटकोनात फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला जोर फारसा न ओसरता त्यांच्यावर येतो. हा जोर वर्षानुवर्षे सोसताना त्यांच्या भिंती जाड आणि ठिसूळ होत जातात. अशी वाहिनी आतून बुजली तर मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, आणि ती फुटली तर मेंदूत रक्तस्राव होतो. बहुतेक पक्षाघात पहिल्या प्रकारचे, म्हणजे रक्तपुरवठा अडल्याने होणारे असतात. परंतु उच्च रक्तदाब हे दोन्ही प्रकारांचे प्रमुख कारण आहे. यातली आश्वासक बाब अशी, की वरचा आकडा 10 मिलिमीटरने (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) खाली आणला, तर पक्षाघाताचा धोका साधारण एक चतुर्थांशाने घटतो, आणि ही घट गोळ्यांनी साधली काय किंवा आहाराने साधली काय, वाहिन्यांवरचा भार हलका होतोच.

रक्तदाब नीट मोजणे

दवाखान्यात मोजलेला रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक असल्यास तो उच्च मानला जातो; अमेरिकेतील हृदयरोगविषयक संघटनांनी 2017 मध्ये ही सीमा 130/80 पर्यंत खाली आणली. घरी मोजताना मन निवांत असल्यामुळे आकडे थोडे कमी येतात, म्हणून तेथे 135/85 ही मर्यादा धरली जाते. यंत्र दंडाला पट्टा बांधण्याचे, तपासून प्रमाणित केलेले असावे; मनगटावरची यंत्रे हाताच्या स्थितीनुसार सहज चुकतात. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा, कारण तो लहान पडला तर आकडा खोटाच वाढून येतो.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे, पाठीला आधार देऊन, पाय जमिनीवर टेकवून आणि मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा आणि पट्टा फुगत असताना बोलू नये. पहिल्या वेळी दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजून ज्याचा आकडा अधिक येईल तोच दंड पुढे वापरावा. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि रात्री, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजून सर्व आकडे वहीत लिहावेत. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. एखादा सुटा आकडा पाहून घाबरणे आणि एखादा चांगला आकडा पाहून निर्धास्त होणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच फसव्या आहेत.

मिठाचा हिशेब

आहारातील सर्व बदलांत अग्रक्रम मिठाला द्यावा, असे माझे मत आहे. मिठातील सोडियम पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्ताचे आकारमान वाढते आणि ते जादा सोडियम बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना अधिक दाबाची गरज भासते. वय वाढलेल्यांत आणि ज्यांचा रक्तदाब आधीच चढलेला आहे त्यांच्यात हा परिणाम विशेष दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, ही मर्यादा सांगितली आहे. प्रत्यक्षात जगात माणशी सरासरी याच्या दुपटीहून थोडे अधिक मीठ खाल्ले जाते.

आपल्या घरात किती मीठ लागते, हे शोधण्याची एक सोपी रीत आहे. मिठाचे नवे पाकीट उघडताना त्यावर तारीख लिहावी आणि ते संपल्यावर वजनाला घरातील माणसांच्या संख्येने आणि दिवसांच्या संख्येने भागावे. चार माणसांत एक किलोचे पाकीट 30 दिवसांत संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे 8.3 ग्रॅम मीठ होते. तेच पाकीट 50 दिवस पुरले तर 5 ग्रॅम. या हिशेबात विकतच्या पदार्थांतील मीठ धरलेले नाही, आणि खरी मेख तिथेच असते. पाव, चीज, सॉस, पाकिटातील सूप, खारवलेले आणि टिकवलेले पदार्थ यांतील बरेचसे मीठ जिभेला कळतही नाही. म्हणून वेष्टनावरचे सोडियमचे प्रमाण वाचावे: 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण 1 ग्रॅम मीठ. 100 ग्रॅममागे 120 मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असलेला पदार्थ कमी मिठाचा समजावा, आणि 600 मिलिग्रॅमच्या पुढचा शक्यतो दुकानातच राहू द्यावा.

मीठ एकदम बंद केल्यास जेवण बेचव लागते आणि निश्चय आठवडाभरात मोडतो. त्यापेक्षा स्वयंपाकातील मीठ टप्प्याटप्प्याने कमी करावे, ताटात वरून मीठ घेणे थांबवावे आणि ती उणीव लिंबू, लसूण, मिरी किंवा कोथिंबीर-पुदिन्यासारख्या ताज्या सुगंधी पाल्याने भरून काढावी. काही आठवड्यांत जीभ कमी मिठाला सरावते आणि पूर्वीचेच पदार्थ खारट लागू लागतात. गुलाबी मीठ, सैंधव किंवा समुद्री खडे मीठ घेतल्याने मात्र काही साधत नाही. त्या सर्वांत प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते.

ज्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असते असे पर्यायी मीठ ही वेगळी गोष्ट आहे. चीनमधील 600 खेड्यांत सुमारे 21,000 लोकांवर केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. त्या लोकांपैकी बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता. तथापि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी (रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्याही त्यांत येतात) हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तातील पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची लय बिघडते.

ताटात काय असावे

1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रक्तदाब कमी करण्यासाठी आखलेल्या ‘डॅश’ आहाराच्या चाचणीत भाज्या, फळे, कमी चरबीचे दुग्धपदार्थ, अख्खी धान्ये आणि सुका मेवा भरपूर, आणि संपृक्त चरबी व गोड पदार्थ थोडे, असा आहार उच्च रक्तदाब असलेल्यांना दिला, तेव्हा त्यांचा वरचा आकडा सरासरी 11 मिलिमीटरने उतरला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे, या आहारात मीठ कमी केलेले नव्हते आणि वजनही स्थिर ठेवले होते. 2001 च्या पुढील चाचणीत त्याच आहारासोबत मीठही कमी केल्यावर फायदा आणखी वाढला. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की प्रत्येक जेवणात अर्धे ताट भाज्या-फळांनी भरावे, डाळी-कडधान्ये रोज घ्यावीत आणि तळलेले पदार्थ क्वचित खावेत.

वजन, हालचाल आणि बाकीचे

जादा वजन एक किलोने घटले तर वरचा आकडा साधारण 1 मिलिमीटरने कमी होतो, त्यामुळे पाच-सहा किलोंचा फरकही वहीत स्पष्ट दिसतो. आठवड्याला किमान 150 मिनिटे, धाप न लागता बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे. वजने उचलण्याचा व्यायामही उपयोगी आहे, मात्र श्वास रोखून फार जड वजन उचलू नये, कारण तेवढ्या क्षणापुरता रक्तदाब पुष्कळ चढतो.

मद्य जितके कमी तितके बरे. तंबाखूबाबत तडजोडीला वावच नाही: धूम्रपान रक्तवाहिन्यांना स्वतंत्रपणे इजा करते, आणि रक्तदाब उत्तम ठेवूनही ती इजा भरून निघत नाही. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि दिवसा पेंग येणे अशी लक्षणे असल्यास झोपेची तपासणी करून घ्यावी. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबामागे हे कारण वारंवार सापडते. ताणतणावाला मात्र लोक गरजेपेक्षा जास्त दोष देतात, बहुधा मिठाला दोष देण्यापेक्षा ते सोपे असते म्हणून.

औषधांच्या कपाटाकडेही एकदा पाहावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, चोंदलेले नाक मोकळे करणारी काही औषधे, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि जेष्ठमधाचे नियमित सेवन यांनी रक्तदाब वाढतो. पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या गोळ्यांत बरेच सोडियम असते, हे तर अनेकांच्या गावीही नसते.

गोळ्या आणि धोक्याची लक्षणे

आहार आणि व्यायाम यांमुळे काहींच्या गोळ्या कमी होतात, काहींना त्या लागतच नाहीत. पण हा निर्णय वहीतील आकडे पाहून डॉक्टरांनी घ्यावा. आकडे चांगले येत आहेत म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. ते आकडे गोळीमुळेच चांगले असण्याची शक्यता मोठी असते, आणि काही औषधे अचानक थांबवल्यास रक्तदाब उसळतो. यंत्र वारंवार अनियमित ठोक्यांची खूण दाखवत असेल तर ईसीजी काढून घ्यावा, कारण हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील अनियमिततेमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि तिच्यावरचा उपचार वेगळा असतो.

180/120 च्या वर आकडा आला आणि दुसरा त्रास नसेल, तर शांत बसून काही मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि तो तसाच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. परंतु चेहरा एका बाजूने लोंबणे, एका हातात किंवा पायात अचानक कमजोरी येणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे, तोल जाणे किंवा कधी नव्हे इतके तीव्र डोके दुखणे यांपैकी काहीही झाले, तर रक्तदाब मोजण्यात वेळ न घालवता रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ टिपून ठेवावी, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंडाने पाणी, अन्न किंवा गोळी देऊ नये. ॲस्पिरिनही नाही, कारण पक्षाघात रक्तस्रावाचा आहे की गुठळीचा, हे मेंदूच्या स्कॅनशिवाय कळत नाही. लक्षणे काही मिनिटांत आपोआप गेली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा तात्पुरत्या झटक्यानंतर पुढील काही दिवसांत मोठा पक्षाघात होण्याचा धोका सर्वाधिक असतो.