गिअरबॉक्स गळतोय? चेंबरचं पॅकिंग घरी बदलताना

गाडी बाहेर काढल्यावर फरशीवर लालसर डाग दिसला, तर आधी त्याला बोट लावा. एसीचं पाणी लगेच सुकतं. कूलंट पातळ, गोडसर वासाचं. बोटं एकमेकांवर घासल्यावर तेलकट लागलं आणि रंग लाल किंवा तपकिरी असेल, तर ते बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल, म्हणजे एटीएफ. काही गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्येही हेच लाल ऑईल असतं, त्याची टाकीही एकदा बघून घ्या.

गाडी एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी) असेल, तर इथेच थांबा. तिचा गिअरबॉक्स मुळात हाताने गिअर टाकायच्या गाडीचाच. सीव्हीटी (बेल्टवर चालणारा) आणि डीसीटी (दोन क्लचचा) या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची ऑईलं वेगळी, पद्धतही थोडी वेगळी. खालचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीसाठी आहे.

आधी जागा शोधा

निम्मं काम इथेच आहे, आणि घाई होते तीही इथेच. ऑईल ठिबकतं तिथूनच गळत असतं असं नाही. ते खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून गार गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा, जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. गिअरबॉक्सचा खालचा भाग ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसा, गाडी खाली उतरवून दहा-पंधरा किलोमीटर चक्कर मारा आणि रात्रभर खाली पुठ्ठा अंथरा. सकाळी सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे ओल असेल, तिथे दुखणं.

ड्रेन बोल्टजवळ ओल असेल, तर वायसर बदलून भागतं. ऑईल गार करणाऱ्या कूलरच्या पाइपाजवळ असेल तर क्लॅम्प घट्ट करा. पाइपाला चिरा असतील तर पाइपच बदला. पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ठिबकत असेल, तर आतलं सील गेलेलं असण्याची शक्यता जास्त. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते गॅरेजचं काम.

पॅकिंग बदलणं

चेंबर म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाला बोल्टने बसवलेलं ऑईलचं भांडं, आणि दोघांच्या जोडात असतं ते पॅकिंग. ओल चेंबरच्या कडेने असेल, तर हे घरी जमतं. ऑईल हाताला सोसेल इतकंच कोमट असू द्या. ड्रेन बोल्ट खोलण्याआधी ऑईल भरायचा बोल्ट सुटतोय ना, ते पाहा. तो गंजून बसला असेल आणि ऑईल आधीच काढलं असेल, तर गाडी हलवायची सोय उरत नाही.

ऑईल मोजता येईल अशा भांड्यात काढा. सगळं निघणार नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. चेंबर सोडताना एक कोपरा शेवटपर्यंत धरून ठेवा, नाहीतर उरलेलं ऑईल अंगावर येतं. आतल्या लोहचुंबकावर राखाडी चिखल असणं नेहमीचं. धातूचे तुकडे दिसले तर गळती ही तुमची छोटी अडचण आहे.

जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पातीने खरवडा. लोखंडी पातीने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवं पॅकिंगही तिथूनच पाझरतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे माहितीपुस्तकात, लिहिलं नसेल तर सिलिकॉन लावू नका; त्याचे तुकडे आतल्या बारीक मार्गांत अडकतात. चेंबर उघडलाच आहे तर फिल्टरही बदला.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे असे आलटूनपालटून टॉर्क रेंचने आवळा. बऱ्याच गाड्यांत आकडा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. 'अजून थोडं' म्हणत आवळलं की चेंबरची कड वाकते, नाहीतर आटे जातात.

भरणं आणि पातळी

गळून गेलेल्याचा अंदाज धरून जेवढं काढलं तेवढं घाला. ऑईल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच प्रतीचं हवं, नुसता लाल रंग जुळून चालत नाही. इंजिन चालू करून, ब्रेक दाबून प्रत्येक गिअर काही सेकंद लावा आणि पी वर या. डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू असताना पातळी बघतात. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते; ठरावीक तापमानाला बाजूचा बोल्ट उघडून बघावं लागतं. तेवढ्यापुरती गाडी गॅरेजला नेणं शहाणपणाचं. जास्त भरलेलं ऑईल फेसाळून ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा जायच्या वाटेने, बाहेर येतं आणि पुन्हा गळतीच वाटते.

जुनं ऑईल गटारात ओतू नका, डब्यात भरून वापरलेलं ऑईल घेणाऱ्या गॅरेजला द्या. आणि आज रात्री गाडीखाली नवा पुठ्ठा अंथरा.